मावशीचा निळा बावटा

वेसाव्याच्या धक्क्यावरून एकही बोट माझ्या मावशीच्या परवानगीशिवाय समुद्रात जात नाही, असं माझ्या मावशीचं ठाम मत आहे. हवामान खातं, डिझेलवाला, तांडेल, खलाशी ही सगळी मंडळी तिच्या हिशेबी वरकामाला. मूळ गोष्ट बोटीचा बावटा, आणि बावटा मावशी शिवते. बरं, मालवणात समुद्राच्या काठावर जन्मलेली असून या बाईला पोहता येत नाही. होडीत पाऊल टाकलं की तिला बोट लागते. वेसाव्याहून समोरच्या मढला फेरीबोट जाते. तिच्यात लोक स्कूटरी चढवून, शेंगदाणे खात, गप्पा मारत पाच मिनिटांत पलीकडे उतरतात. मावशीने ती फेरी उभ्या आयुष्यात एकदाच केली आणि परत येताना मालाडवरून रस्त्याने सगळा वळसा घालून आली. पण चारकोपच्या आपल्या बैठ्या घरात, खाटेवर मांडी घालून, दोन्ही बाजूंना चिंध्यांचे ढीग लावून ती बसली की तिच्या तोंडची भाषा थेट दर्यासारंगाची असते. अमक्याची बोट शांत आहे, तमक्याची भांडखोर, त्या तिसऱ्याची आळशी, हिला लाल रंग दिला तर डोक्यात जाईल, असं ती सांगते. आपण मान हलवायची.

चारकोपची बाई वेसाव्याच्या बोटींच्या वाटेला कुठून गेली, असं कुणालाही वाटेल. लग्न झाल्यावर मावशी आणि तिचे यजमान वेसाव्याच्या कोळीवाड्यात एका भाड्याच्या खोलीत राहत. काका गिरणीत होते. शेजारचं घर चांगुणाबाईचं. चांगुणाच्या नवऱ्याची स्वतःची बोट होती. या दोघींचं पहिलं भांडण पाण्यावरून झालं, दुसरं मांजरावरून, आणि तिसऱ्या भांडणापर्यंत त्या इतक्या जिवलग झाल्या की भांडायला मधे तिसरं कारण लागेनासं झालं. एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या तोंडावर चांगुणाच्या बोटीचा बावटा फाटला. मावशीने आपल्या खणातलं निळं कापड काढलं, त्यावर पांढरं पापलेट बसवलं, चहूकडून पांढरी किनार लावली आणि तिला नेऊन दिलं. संध्याकाळी बोटी परत येताना सगळ्या काळ्या ठिपक्यांतून चांगुणाला आपली बोट बरोबर ओळखू आली. तिने तिथेच, बायकांच्या घोळक्यात, मावशीला मिठी मारली. मासळीच्या टोपलीसकट मारली, असं मावशी सांगते. तेव्हापासून ही बाई बावटे शिवते आहे. पुढे गिरणी बंद पडली, चारकोपला घर मिळालं, काका गेले, मूलबाळ नव्हतंच. बावटे राहिले, आणि शेजारच्या सेक्टरमध्ये राहणारा, हाताशी स्कूटर असलेला बहिणीचा मुलगा, म्हणजे मी, राहिलो.

मावशीचं पहिलं तत्त्व असं की बावटा बोटीसाठी नसतो आणि बोटवाल्यासाठी तर मुळीच नसतो. तो किनाऱ्यावर उभं राहून वाट बघणारीसाठी असतो. त्यामुळे ऑर्डर द्यायला पुरुष आला की ती त्याला दारातूनच परत पाठवायची. "तुझ्या बायलेक धाड. समुद्रात तू बोटीर बसतलंस. तुका बावटो कित्याक होयो?" मग ती बायको किंवा आई यायची. तिला चहा मिळायचा आणि चौकशी सुरू व्हायची. तू उभी कुठे राहतेस? धक्क्यावर की वाळूत? ऊन डोळ्यांवर येतं का? लहानपणी तुझ्या आवडीचं परकर-पोलकं कुठल्या रंगाचं होतं? एका सुनेने "मी उभीच राहत नाय, मोबाईल करते" असं सांगितलं. मावशीने तिचा बावटा शिवला नाही. "तुका बावटो नको, रिचार्ज होयो," म्हणाली.

चौकशी झाली की चाचणी, आणि चाचणीचं गाढव मी. वेगवेगळ्या रंगांचे कापडाचे तुकडे घेऊन मला फेरीबोटीने मढला जावं लागायचं. तिथल्या काठावर उभं राहून मी एकेक तुकडा काठीला लावून हलवायचा. इकडे वेसाव्याच्या वाळूत मावशी त्या बाईला विचारायची, कुठला आधी दिसला, कुठला डोळ्यात राहिला. बँकेत नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस भर संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी उभा राहून आधी पिवळं, मग लाल, मग हिरवं फडकं हलवतो, हे दृश्य मढच्या लोकांनी बरीच वर्षं पाहिलं आहे. एकदा एकाने अतिशय सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "क्या भाई, मान नहीं रही क्या?" मी म्हटलं, "मावशी आहे." त्यावर तो जो बाजूला सरकला तो शेवटपर्यंत माझ्याकडे संशयाने बघत होता.

दुसरा नियम कापड घेण्याचा. दुकानात गेल्यावर रंगाचं नाव उच्चारायचं नाही. "रंग तोंडान सांगूचो नसता, डोळ्यान उचलूचो असता." दुकानदार बिचारा "मावशी, कुठला दाखवू? मोरपंखी? आकाशी?" असं विचारायला तोंड उघडायचा तोच ती हात वर करून त्याला गप्प करायची, कटपीसच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची, एकेक तुकडा दारात उजेडाला नेऊन बघायची आणि मनासारखा मिळाला की काही न बोलता गल्ल्यावर ठेवायची. मीही बोलायचं नाही. एकदा मी नुसतं "छान आहे गं" म्हटलं तर तिने तो तुकडा परत ढिगात टाकला. माझं बोलणं त्याला लागलं होतं म्हणे.

आणि तिसरा नियम सगळ्यांत कडक. नव्या बावट्याला पहिला वारा लागेपर्यंत तो माणसाच्या नजरेला पडता कामा नये. शिवताना ती दार लावून घ्यायची. शिवून झाला की वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून तो नारळी पौर्णिमेला थेट धक्क्यावर जायचा. त्या दिवशी वेसाव्याच्या गल्ल्यांत स्कूटर शिरू शकत नाही, म्हणून मी तिला नाक्यावर सोडून कामावर पळायचो. पुढचं मला कधी दिसलं नाही. मला दिसायचे ते वर्षभर ऊन आणि खारं पाणी खाऊन परत आलेले जुने बावटे. ते धुऊन ती घरासमोरच्या दोरीवर वाळत घालायची. तोवर ते कुठल्याच रंगाचे उरलेले नसायचे. पापलेट तेवढं ओळखू यायचं. एका निवडणुकीच्या वेळी ड्युटीवरचे दोन साहेब त्या दोरीखाली थबकले आणि हा कुठल्या पक्षाचा झेंडा आहे, परवानगी घेतली आहे का, असं विचारू लागले. मावशी म्हणाली, "पापलेटाचो पक्ष. निवडून इलो तर घराघरात माशाचा तिकला जेवूक घालतलो." त्यांतला धाकटा साहेब हसला. थोरल्याने ते गंभीरपणे टिपून घेतल्याचं मला आठवतं.

असं सगळं झकास चाललं होतं असं मी म्हणणार नाही. चाललं होतं खरं, पण आटत चाललं होतं. बाजारात छापील सॅटिनचे, झालरी लावलेले बावटे आले. मावशी त्यांना लग्नातल्या घोड्याची झूल म्हणायची. बायका खरंच मोबाईल करू लागल्या. एकेक घर सुटत गेलं आणि शेवटी चांगुणाबाईचं एकच घर उरलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, बोट आता मुलगा चालवायचा. पण रंग तेच. निळ्यावर पांढरं पापलेट, पांढरी किनार. "माझा घो याच बावट्याखाली घराला यायचा, माझा पोरगा पण याच बावट्याखाली येल," असं चांगुणाबाईने सांगून ठेवलं होतं. मावशीनेही तिला शब्द दिला होता की मी जिवंत असेपर्यंत तुझ्या बोटीचा निळा खाली उतरणार नाही. या एका बावट्यासाठी आमची बाई वर्षभर जगायची. मढची चाचणी आता लागत नव्हती आणि कापड आणायलाही ती एकटीच जायची. जुनेच रंग, त्यात बघायचं काय?

दरम्यान मावशीच्या घरात चमत्कार घडू लागले होते. एकदा तिने सोलकढी म्हणून मला ताक दिलं आणि वर "रंग काय सुंदर इलो हा" म्हणाली. देवाला वाहायची जास्वंद बाजूला ठेवून तिने शेजारणीचा प्लास्टिकचा चाप वाहिला. मी डोळे तपासू या म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं, "माझ्या डोळ्यांका काय धाड भरली हा?" चांगुणाबाई दिवाळीनंतर अचानक गेली, तेव्हा मी मावशीला घेऊन वेसाव्याला गेलो होतो. ती सरळ चालत गेली आणि भलत्याच बाईच्या गळ्यात पडून रडली. ती बाईही रडली, त्यामुळे तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पण मला वाटलं. संक्रांत झाल्यावर मी तिला जवळजवळ उचलूनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितल्यावर तिने छपाई वाईट आहे असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने डोळे बघितले, खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "आजी, मोतीबिंदू पार पिकलाय. इतकी वर्षं तुम्ही सगळं जग चहाच्या पाण्यातून बघत होतात."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मावशी लहान मुलासारखी झाली होती. नर्सच्या कपड्यांकडे बघून म्हणाली, "अरे, पांढरो इतको पांढरो असता?" भिंत बघितली, खिडकीतून आकाश बघितलं, माझा शर्ट चिमटीत धरला. "ह्यो निळो? मी राखी समजा होतंय." मला आनंद झाला होता. मी तिला आणखी रंग दाखवत होतो, ते बघ लाल, तो बघ हिरवा. ती बघत होती, पण हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. घरी आल्यावर तिने चिंध्यांचा गठ्ठा सोडला, खाली हात घालून गेल्या नारळी पौर्णिमेच्या बावट्याचं उरलेलं कापड काढलं आणि दारात उजेडाला नेऊन धरलं. मी मागे उभा होतो. कापड जांभळं होतं. वांग्यासारखं जांभळं. त्याच्याबरोबर जो पांढरा तुकडा होता तो पांढरा नव्हता, लिंबासारखा पिवळा होता. मावशीने ते दोन्ही तुकडे खाटेवर शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाली, "वेसाव्याक चल."

डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. काळा चष्मा लावून ती स्कूटरवर माझ्यामागे बसली आणि लिंक रोडभर तिने माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. बोटी परत यायची वेळ होती. एकेक बोट खाडीत शिरत होती. मावशी धक्क्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "चांगुणाची खयची ती सांगू नको. माझी मीच बघतंय." मी सांगितलं नाही. बोटी येत गेल्या. मग एक जांभळा बावटा आला, त्यावर पिवळं पापलेट होतं, आणि बावट्याच्या मोकळ्या टोकाला दुमडून घातलेली दुहेरी हातशिलाई होती. तशी शिलाई या किनाऱ्यावर दुसरं कुणी घालत नाही. मावशी खाली बसली. मासळीच्या पाण्याने ओल्या झालेल्या जमिनीवर, नवीन लुगडं नेसलेली, तशीच बसली.

चांगुणाबाईची सून धावत आली. आधी तिला वाटलं मावशीला चक्कर आली. मावशीने फक्त बावट्याकडे बोट केलं आणि विचारलं, "किती वर्सां?" सून म्हणाली, "तीन." आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, तिला थांबता येईना. पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेला मावशीने पुडकं सोडलं तेव्हा सगळ्यांनाच दिसलं होतं. मुलगा बोलणार होता, पण चांगुणाबाईने त्याचा दंड असा दाबला की वळ उठला. "तिला निला दिसतंय ना? मग निलाच हाय. कोनी बोलायचा नाय." मावशी घरी गेल्यावर मुलगा म्हणाला, आपण दुसरा निळा लावू, मावशीला काय कळतंय? तर चांगुणाबाई त्याच्यावर चवताळली. तिच्या हातचा उतरवायचा नाही म्हणाली. त्या पहिल्याच फेरीला बोट परत आली तेव्हा चांगुणाबाई नेहमीच्या जागी उभी होती. बोट तिच्या समोरून गेली, धक्क्याला लागली, मासळी उतरली, तरी ती समुद्राकडेच बघत उभी. मुलाने मागून जाऊन हाक मारली तेव्हा ती इतकी दचकली की पडता पडता राहिली. "आईला निला शोधायची सवय ना, मावशी," सून म्हणाली. "मग रोज सकाळी मना बोलायची, आज जांभला बघायचा हाय, आठवण कर." एवढं बोलून सून रडायला लागली. मावशी मात्र रडली नाही, आणि मला तिच्या न रडण्याची भीती वाटली.

घरी येताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "माझ्यावांगडा एवढी भांडा होती. पाण्यावरसून भांडली, मांजरावरसून भांडली. ह्येच्यावरसून भांडाक काय झाला होता तिका?"

त्यानंतर मावशीने निळा बावटा शिवायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुकानात जाऊन तोंडाने रंग सांगितला. आकाशी निळा, आणि पांढरा शुभ्र. दुकानदाराने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. तिने दार उघडं ठेवून, सगळ्यांच्या देखत तो शिवला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. पोस्टमनलासुद्धा दाखवला. नवीन डोळे आणि जुना हात, असं काम तिने कधी केलं नसेल. टाके इतके बारीक की पापलेट कापडावर बसवलं आहे की कापडातच पोहतंय ते कळू नये. नारळी पौर्णिमेला मी रजा घेतली आणि गर्दीतून चालत तिच्याबरोबर धक्क्यावर गेलो.

चांगुणाबाईचा मुलगा पाया पडला. त्याने बावटा हातात घेतला, डोक्याला लावला आणि बोटीवर चढायला निघाला. पण मावशीचं पहिलं तत्त्व आड आलं. तिने त्याला थांबवलं आणि सुनेला विचारलं, "आता किनाऱ्यार कोण उभा रवता?" सून म्हणाली, "मीच. सासू गेल्यापासून मीच." मावशीने मुलाला तो निळा सूर्याकडे धरायला लावला आणि तिला विचारलं, "तुका खयचो वळखाक येतलो? खरा सांग." सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नवरा डोळ्यांनी सांगत होता, निळा म्हण. त्या पोरीने खाली मान घातली आणि म्हणाली, "मावशी, मी या घरान आले त्याच वर्षी जांभला लागला. मना तोच दिसतंय लांबून. पण तुम्ही निला लावा. मी शिकेन."

मावशीने निळा बावटा मुलाच्या हातातून परत घेतला. "नको. एका बायलेक शिकाक लायला, ता पुरे झाला," म्हणाली. "दोन दिवसांनी पुडका धाडतंय. नवीन जांभळो शिवतंय." आणि निळ्याची घडी घालता घालता, कुणाला उद्देशून नाही, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "बघणारीच गेली. आता ह्यो खय लावू?"

मावशी आता बरी आहे. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. जांभळ्याचं बघून आणखी दोन घरांनी बावटे मागितले आहेत, त्यातलं एक तर त्या मोबाईलवाल्या सुनेचं. मावशीने तिच्याशी भांडण केलं नाही, म्हणजे बघा. ती पूर्वीसारखी कोपरापर्यंत हात घालून कापड शोधते, दारात उजेडाला नेते, पण आता गल्ल्यावर ठेवण्याआधी माझ्याकडे वळते. जिला मी कधी "छान आहे" म्हणू शकत नव्हतो, ती आता प्रत्येक तुकडा माझ्यापुढे धरते. परवा एक निळं कापड मिळालं होतं, फार सुंदर, भादव्यातल्या उघडीपीसारखं.

"निळोच मां?" तिने विचारलं.

"निळाच आहे."

"खरा सांग. माका बरा वाटाचा म्हणान सांगणस नाय मां?"

मी नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कापडाकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. डोळे आता तिचे स्वच्छ आहेत, माझ्याहून चांगले. शेवटी ती तो तुकडा घेऊन दुकानदाराकडे गेली आणि त्यालाही तेच विचारू लागली.